आवाजाची पंगत, शांततेची पंगत

शुक्रवारी आमच्याकडे दोन पंगती बसायच्या. दुबईत अल कुसैसला, शारजाच्या हद्दीजवळ, दुसऱ्या माळ्यावर आमचं बिऱ्हाड. हॉल आमचा, आतली खोली हैदराबादच्या एका जोडप्याची, आणि किचन मी नि ती हैदराबादी भाभी मिळून वापरायचो. हे कंपनीची बस चालवायचे. कॅम्पातल्या माणसांना पहाटे साईटवर न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. त्या माणसांतली आपल्याकडची, खेडची, माणगावची, पाटणची, अशी पंधरा-वीस जणं माझ्याकडे जेवायला होती. रोजचे डबे ह्यांच्या बसमधून जायचे आणि शुक्रवारी सुट्टी, तेव्हा ती माणसं घरी येऊन जेवायची. एका वेळी सगळी हॉलमध्ये मावत नसत, म्हणून दोन पंगती.

मी चौथी शिकलेली बाई. लग्न झाल्यावर हे दोन वर्षांनी एकदा यायचे, मी गावी सासू-सासऱ्यांजवळ. मधे एक मुलगा झाला, तो राहिला नाही. हे यायच्या आत सगळं होऊन गेलेलं. मग पोरगी झाली. ती शाळेत जायला लागली तेव्हा ह्यांना फॅमिली व्हिसा मिळाला नि आम्ही तिकडे गेलो. एक वर्ष कंपनीचा पगारच वेळेवर येईना, तेव्हा मी डबे सुरू केले. लादीवर उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, त्या अजून आहेत. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापायचं की गार नळाला हात लावता येत नसे. मग आम्ही गीझर बंद ठेवायचो आणि गार पाणी गीझरमधून घ्यायचो. पहिल्यांदा हे भाभीनं दाखवलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करते. पण खरंच गार यायचं. असं एकेक शिकत गेले. रडत बसले नाही, कारण रडायला जागा कुठे होती, हॉलमध्ये सतत कोणीतरी असायचं.

पोरगी इंडियन स्कूलात होती. अकरावीला तिनं सायकॉलॉजी घेतलं. हे म्हणाले, "हे काय? वेड्यांचं शास्त्र?"

ती म्हणाली, "शहाण्यांचं पण असतं, बाबा."

"मग शहाण्यांना काय झालंय?"

"तेच बघायचं असतं."

ती बारावीत गेली आणि ह्यांच्या कंपनीनं सांगितलं की काम संपत आलंय, जूननंतर व्हिसा नवा होणार नाही. म्हणजे आमचं तिथलं ते शेवटचं वर्ष. पास झाली तर पुण्याला कॉलेजात, हॉस्टेलला, असं ह्यांनी कबूल केलेलं. वर्ष गेलं तर परत बसायला तिथं आम्ही असणार नव्हतो, आणि गावाकडच्या शाळेत हा विषयच नव्हता. धाकट्या दिरांनी तर स्थळसुद्धा बघून ठेवलेलं. तेव्हा तिच्या दृष्टीनं त्या वर्षावर सगळं होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

त्या विषयाला प्रॅक्टिकल असतं. एक प्रयोग स्वतः करायचा, त्याची फाईल द्यायची, मग बाहेरून परीक्षक येणार आणि त्यातलंच विचारणार. तिच्या बाई केरळच्या होत्या, कडक. फाईल वेळेवर नाही तर प्रॅक्टिकल नाही, नि प्रॅक्टिकल नाही तर पास नाही.

मी भाकऱ्या थापत होते नि ती ओट्याशी उभी राहून मला समजावत होती. "आई, आधी हेतू लिहायचा. म्हणजे मला काय बघायचंय ते. मला बघायचंय, आवाज चालू असला की माणसाच्या लक्षात कमी राहतं का."

"राहतच असणार कमी."

"हा झाला अंदाज. हायपोथेसिस. तो पण आधीच लिहायचा. नंतर नाही."

"नंतर लिहिला तर?"

"नंतर काय, कोणीपण लिहील."

हे मला पटलं. मग ती म्हणाली की एक गोष्ट आपण मुद्दाम बदलायची. इथं आवाज. एका गटाला आवाज, एका गटाला शांतता. आणि त्यानं दुसरी कोणती गोष्ट बदलते ते मोजायचं, म्हणजे किती शब्द आठवले ते. बाकी सगळं दोन्ही गटांना अगदी सारखं ठेवायचं. शब्द तेच, वाचायचा वेग तोच, जागा तीच.

मी म्हटलं, "आणि जेवण?"

ती म्हणाली, "जेवण पण तेच. आई, पहिल्या पंगतीला गरम आणि दुसऱ्याला गार असं नको."

"मी कधी दुसऱ्या पंगतीला गार वाढलंय?"

"नाही वाढलंस. मी फक्त सांगते."

माणसं आपलीच घ्यायची ठरली, शुक्रवारची. शब्द आम्ही दोघींनी मिळून काढले, कारण तिचं मराठी इंग्लिश शाळेतलं. सगळ्यांना माहीत असलेले, एकमेकांशी संबंध नसलेले वीस शब्द. विळा, चंद्र, दोरी, मीठ, खिडकी, असे. मी नांगराच्या पाठोपाठ बैल म्हटलं तर ती म्हणाली, "नको, एक आठवला की दुसरा ओढून येतो." बैल गेला.

शुक्रवारी तिनं दारातच चिठ्ठ्या धरल्या. पहिल्या पंगतीला कोण, दुसऱ्याला कोण, ते चिठ्ठीनं ठरणार. इथं पहिली भानगड झाली. आमची माणसं गावाप्रमाणे बसायची. खेडचे खेडच्यांजवळ, पाटणचे पाटणच्यांजवळ. माणगावचा एक सुतार चिठ्ठी बघून म्हणाला, "वहिनी, मी ह्या पाटणवाल्यांत बसू? हे घाटावरचे. ताटात कोकम बघून तोंड वाकडं करतात."

पाटणचा एक जण म्हणाला, "तोंड कोकमानं नाही होत वाकडं, तुला बघून होतं."

पोरगी म्हणाली, "काका, प्लीज. चिठ्ठीच पाहिजे. नाहीतर सगळे हुशार एका बाजूला गेले तर?"

"मग मी कुठल्या बाजूला?" सुतारानं विचारलं, नि सगळे हसले, पण बसले चिठ्ठीप्रमाणे.

पहिली पंगत शांततेची. जेवणं झाली, एसीसुद्धा बंद केला, तिनं शब्द वाचले, थोडा वेळ गेला, मग एकेकाला गॅलरीत बोलावून आठवतील तेवढे सांगायला लावले. लिहिता न येणारे होते त्यात, म्हणून सगळ्यांनाच तोंडी. मग त्यांना खाली पार्किंगमध्ये पाठवलं. दुसऱ्या पंगतीला मी किचनच्या दारात मिक्सर लावला. रिकामा फिरवला तर जळतो, म्हणून भिजवलेले तांदूळ घातले. मसाला घालणार होते, तर पोरगी आतून म्हणाली, "आई, वास येईल. वास वेगळा नको."

निकाल तिच्या अंदाजासारखा लागला. शांततेवाल्यांना भरपूर आठवले, मिक्सरवाल्यांना अगदी चार-पाच. सगळ्यांनाच चार-पाच. ती इतकी खूश, की बाबांच्या गळ्यात पडली. हेही खूश. आठवडाभर बसून तिनं फाईल स्वच्छ लिहून काढली, पट्टीनं रेघा मारून, रंगीत पेननं. शनिवारी सकाळी द्यायची होती.

माझ्या मनात एक खटकत होतं. आमच्यात एक गवंडी होता, खेडकडचा, पोरगी त्याला मामा म्हणायची. शुक्रवारी तो फोनच्या बूथवर जायचा आणि आपल्या घरी फोन लावून आजूबाजूच्या गावातल्या सगळ्यांचे निरोप घेऊन यायचा. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या आईचं बाटलीतलं औषध बदललं, कोणाच्या पोराला कुठल्या विषयात किती. दहा माणसांचे निरोप, एक चुकायचा नाही. तो मिक्सरच्या पंगतीत होता, नि त्यालाही चारच आठवले. पण मी म्हटलं, असेल, आवाजच तसा होता.

पुढचा शुक्रवार. फाईल तयार, टेबलावर. पहिली पंगत उठली. मामा बेसिनवर हात धुता धुता पोरीची चेष्टा करायला लागला. "काय भाचीबाई, परीक्षा कधी? विळा, चंद्र, दोरी, मीठ, खिडकी..." आणि तसाच पुढे म्हणत गेला. वीसच्या वीस. क्रमानं.

पोरगी हातातलं पाण्याचं भांडं घेऊन उभी. "मामा, तुम्हाला तर चारच आठवले होते."

मामा हसला. त्याला वाटलं, ती गमतीनं विचारते. "मग काय करणार? तुझे बाबा बसमध्ये सांगत होते, पोरगी असं असं करतेय, आवाजात माणूस विसरतो असा तिचा अंदाज आहे. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, मिक्सर लागला रे लागला की विसरायचं. पोरीचं वर्ष आहे. आम्ही सहज चाळीस विसरलो असतो, तू दिलेच वीस."

सुतार मागून म्हणाला, "आणि शांततेत बसायची वेळ आली तर म्हणून आम्ही बसमध्ये एकमेकांना प्रश्न विचारून तयारी करत होतो. शब्द माहीत नव्हते, तरी केली."

कोणी वाईट बोललं नव्हतं. त्या माणसांना वाटलं की अंदाज खरा ठरला तरच पोरगी पास. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आपल्याकडे कोणी मुलगी बघायला आलं की शेजारीपाजारी कसे सगळं चांगलंच सांगतात, तसं त्यांनी केलं. आपल्या पोरीचं काम आहे, तर ते निघालंच पाहिजे.

पोरीनं भांडं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन खाली बसली, कपड्यांच्या दोरीखाली.

हे तिच्या मागे गेले. मी दुसऱ्या पंगतीची ताटं मांडत होते, ऐकू येत होतं. "बाय, फाईल झालीय ना? देऊन टाक. कोणाला कळणार आहे? मामा काय तुझ्या बाईंना सांगायला जाणार आहे?"

"बाबा, मला माहीत आहे ना."

"तुला माहीत असून काय होतं?"

"परीक्षक विचारणार, असं का झालं. मी काय सांगू? मिक्सरमुळे? मिक्सरमुळे नाही झालं. तुमच्यामुळे झालं."

ह्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. एवढा मोठा माणूस, पन्नास माणसं घेऊन रेतीतून बस काढणारा, नि हातात टॉवेल घेऊन उभा. शेवटी म्हणाले, "मी कौतुकानं सांगितलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. नि मग म्हणाली, "आय ॲम नॉट अँग्री, बाबा." पण तोंड भिंतीकडे.

मी दुसरी पंगत वाढून घेतली. माणसांनी घास खाली मान घालून खाल्ले. त्यांना कळलं होतं की काहीतरी बिघडलं, काय ते नीटसं नाही. मामा तर ताकासाठी न थांबताच निघून गेला, बाकीचेही जेवून गेले. मी पदराला हात पुसले नि गॅलरीत गेले.

"नवीन करायचं तर काय लागेल?"

"माणसं. पण ह्यांना तर आता सगळं माहीत आहे. ज्यांना माहीत नाही अशी पाहिजेत. आणि उद्या सकाळी फाईल आहे, आई. खलास आहे ते."

"बिल्डिंगमधल्या बायका चालतील?"

तिनं वर बघितलं. "चालतील. पण मराठी शब्द त्यांना कळणार नाहीत."

"हिंदी कर. आत्ता नवरे झोपलेत, पोरं खाली खेळतायत. बायका मोकळ्या आहेत. मी बोलावून आणते."

"आई, त्यांना सांगायचं नाही कशासाठी ते."

"मला तरी कुठे नीट सांगता येणार आहे," मी म्हटलं नि चपला घातल्या.

प्रत्येक दार वाजवलं. पहिल्या माळ्यावरची पाकिस्तानी भाभी, तिची नणंद, वरची गुजराती, मंगलोरच्या दोघी, एक केरळची नर्स नुकतीच ड्युटीवरून आलेली, आणि आमची हैदराबादी तर घरातच. अशा करता करता दहा-बाराजणी जमवल्या. सगळ्यांनी विचारलं, "क्या है?" मी म्हटलं, "बेटी का इम्तिहान है, थोडा बैठना है."

पाकिस्तानी भाभी म्हणाली, "इम्तिहान उसका है के हमारा?"

"दोनो का," मी म्हटलं. मला दुसरं सुचलं नाही.

परत चिठ्ठ्या. अर्ध्या हॉलमध्ये, अर्ध्या हैदराबादीच्या खोलीत दार लावून. आता इथं माझी परीक्षा होती. बायका घरी आलेल्या, दुपारची वेळ, आणि पोरगी मला म्हणाली, "चहा नाही. सगळं संपेपर्यंत कोणालाही नाही. एका गटाला दिलास नि दुसऱ्याला नाही, तर परत सगळं गेलं. आणि दोन्ही गटांना दिलास तर एकीला गार होईल, एकीला जास्त होईल." माझ्या घरी आलेली बाई कोरड्या तोंडानं बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. खोलीतल्या बायका आपसात काय बोलत असतील ते मला न ऐकताच ऐकू येत होतं. गुजरातीण तर हळूच बाहेर येऊन म्हणाली, "पानी तो मिलेगा ना?" मी पोरीकडे बघितलं. पोरीनं विचार केला. "पाणी दोन्हीकडे दे. एक-एक ग्लास. सगळ्यांना सारखेच ग्लास." मी ग्लास सारखे निवडून काढले.

मग शांततेच्या बायका झाल्या. मग मिक्सरच्या. मी तांदूळ फिरवले, नि हे पार्किंगमध्ये, बसमध्ये जाऊन बसलेले. त्यांना पोरीनं सांगितलेलं नव्हतं, ते आपणहून गेले. म्हणाले, "मी इथं असलो की माझ्या तोंडून काहीतरी निघेल."

संपल्यावर मी जो चहा टाकला, तेवढा चहा त्या किचनमध्ये कधी झाला नसेल. पोहे केले, शिरा केला. पाकिस्तानी भाभी शिरा खाताना म्हणाली, "बाजी, हमने समझा आपने दरवाज़ा तो खोल दिया, दिल बंद कर लिया." सगळ्या हसल्या. मी पण हसले, हलकं वाटलं.

पोरगी आकडे मांडत बसली होती. तिचं तोंड उतरलं. मी जवळ जाऊन विचारलं, "काय झालं?"

"दोन्हीकडे सारखेच. मिक्सरवाल्यांना उलट जरासे जास्तच."

"म्हणजे तुझा अंदाज चुकला?"

"हो."

सगळ्या बिल्डिंगला बिनचहाचं बसवलं आणि अंदाज चुकला. मी म्हटलं, "मग आता?"

"पुस्तकात लिहिलंय की अंदाज चुकला तरी चालतो. जे झालं ते लिहायचं. पण मार्क कसे देतात ते पुस्तकात नाही लिहिलेलं."

आत हैदराबादी भाभी कपबश्या विसळत होती. तिनं विचारलं, काय झालं, नि पोरीनं आता सांगितलं तिला, सगळं झाल्यावर. भाभी म्हणाली, "अरे, हमकू क्या आवाज़? बच्चे चिल्लाते, कुकर चिल्लाता, इनो चिल्लाते. हमकू तो ख़ामोशी में डर लगता." इनो म्हणजे तिचे हे. पोरीनं पेन उचललं आणि भाभीचं बोलणंही लिहून घेतलं. रात्रीच्या जेवणाच्या आधी नवी फाईल लिहून झाली. रंगीत पेन नाही, रेघा नाहीत. जुना प्रयोगही तिनं शेवटी लिहिला, तो कसा बिघडला, कोणामुळे बिघडला ते. "बाबांचं नाव नाही लिहिलं," ती म्हणाली. "एक नातेवाईक, असं लिहिलंय."

हे म्हणाले, "लिही नाव. ड्रायव्हर म्हणून लिही."

तिच्या बाईंनी फाईल घेतली. परीक्षक आले त्या दिवशी मी सकाळपासून नुसती घरात फिरत होते. डाळ लागली, ती टाकून परत केली. दुपारी पोरगी आली, दप्तर ठेवलं नि म्हणाली, "भूक लागलीय."

"काय विचारलं?"

"वाढ ना आधी."

वाढलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिनं, मग सांगितलं. परीक्षक बाई होत्या, म्हाताऱ्या. त्यांनी विचारलं, तुझा अंदाज चुकला, मग तू शिकलीस काय? तर ही म्हणाली, दोन गोष्टी शिकले. ज्यांना रोजच आवाज आहे त्यांना थोडा आणखी आवाज बहुतेक जाणवत नाही, पण ते परत तपासावं लागेल. आणि दुसरं म्हणजे, आपल्यावर माया असलेल्या माणसांवर प्रयोग करताना त्यांना आपला अंदाज कळू द्यायचा नाही. परीक्षक बाईंनी बसमधली हकीकत दोनदा सांगायला लावली. नि हसून म्हणाल्या, ही माणसं कुठं भेटतील?

ती पास झाली, चांगली पास झाली. निकाल कळला त्या शुक्रवारी मी दोन्ही पंगतींना कोळंबीचं कालवण केलं. मामा तोवर जरा अंग चोरूनच यायचा. पोरीनं स्वतः त्याला पहिल्या पंगतीला बसवलं, चिठ्ठी न काढता, खेडच्या माणसांत. तो म्हणाला, "भाचीबाई, आम्ही विसरलो त्याचे काही मार्क मिळाले का?"

"मिळाले, मामा. तुम्ही विसरलात त्याचेच जास्त मिळाले."

"बघा वहिनी," तो मला म्हणाला, "आणि फार कष्ट पडतात हो विसरायला. लक्षात ठेवणं सोपं."

आता पोरगी पुण्याला शाळेत मुलांशी बोलायचं काम करते, मी कधी तिच्याकडे, कधी गावी. मागच्या महिन्यात ती मला विचारत होती, आई, तिकडची वर्षं तुला फार जड गेली का? गावी राहिली असतीस तर बरी राहिली असतीस का? मी म्हटलं, ते कसं कळणार? त्याला दुसरी मी पाहिजे, गावात बसलेली, बाकी सगळं सारखं. माझी तर एकच पंगत झाली.

ती म्हणाली, "आणि जेवण?"

"गरम होतं," मी म्हटलं. "सगळ्यांना सारखं वाढलं, नि मग मी बसले."